पांढरीवरची जागा

महागाव, १२ जानेवारी २०२५

धम्मदीप,

जयभीम.

फोन तू उचलत नाहीस. उचललास तर ‘हं, हं’ करतोस आणि रेंज गेली म्हणतोस. म्हणून कागद घेतला, कागदाला रेंज लागत नाही. न वाचता फेकून देशील म्हणावं, तर फुटकं खापरसुद्धा तुझ्याच्यानं फेकवत नाही. बहिणीचं पत्र तू फेकणार नाहीस.

आधी काम सांगते, भांडण मागून. आपल्या टेकाडाच्या सातबाऱ्यावर मायचं, माझं आणि तुझं अशी तीन नावं आहेत. मायनं अंगठा दिला, मी सही केली, तुझी सही तेवढी अडली आहे. अख्ख्या खैरगव्हाणला घरं बांधायला टेकाड हवं आहे.

पुरानंतर तू येऊन गेलास, पुढचं तुला माहीत नाही कारण तू विचारलं नाहीस. गाव वाहून गेलं त्याला आता दीड वर्ष झालं. सगळे अजून टिनाच्या शेडात आहेत, आणि ती शेडंही नदीपासून फार लांब नाहीत. मायला म्हटलं, माझ्याकडे महागावला राहा. तर म्हणते, “तिथं मले कोन वळखते?” सरकारनं रोडच्या कडेला सपाट काळी जमीन घेतली आणि घरांची पहिली ओळ उभी केली. एक पावसाळा झाला, मागून ऊन तापलं आणि भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. अंगणवाडीचा तर एक कोपराच खाली बसला. पोरं आता बाहेर झाडाखाली बसतात.

हे व्हायचंच होतं. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते, तिच्यावर भिंत टिकत नाही. जुन्या लोकांना हे कळत होतं, म्हणून काळी पिकाला ठेवली आणि पांढरी राहायला. मी पंचवीस वर्षं वर्गात हेच शिकवते: जमीन आणि पाणी पाहून माणूस वसतो, मग गाव होतं, मग बाजार, मग राजा. पोरं मान हलवतात. इंजिनियर झाले की विसरतात.

आता उंच आणि पांढरी अशी एकच जागा उरली आहे, ती म्हणजे आपल्या बाला सरकारच्या सीलिंग वाटपात मिळालेलं टेकाड. नांगर घातला की खापरं वर येतात, पीक येत नाही, म्हणून तर ते आपल्याला दिलं होतं. त्या टेकाडाच्या बदल्यात रोडवरची काळी आपल्या नावावर होणार आहे. आपल्या घरात कधी कुणाच्या नावावर काळी होती का, आठवून बघ. कपाशी चांगली येईल, माय वावरात बसून राहील, तिला तेवढंच हवं आहे.

कागद सोबत आहे. खूण केली आहे तिथं सही कर आणि पाठव.

तुझी ताई


महागाव, ९ फेब्रुवारी २०२५

धम्मदीप,

तू उत्तर दिलं नाहीस. ठीक आहे, मग तुझ्या वाटचंही मीच बोलते. तुझं बोलणं मला पाठ आहे.

तू म्हणशील, ज्यांनी टेकाड खाल्लं त्यांनाच आता राहायलाही द्यायचं का. आखाजी झाली की गावाला घरांवरच्या मातीच्या धाब्यांची आठवण व्हायची. पावसाळ्याआधी धाब्यावर पांढरी माती घालायची म्हणून पाटलांचे, देशमुखांचे गडी आपल्या टेकाडावर टोपल्या घेऊन यायचे. मागून टोपल्यांच्या गाड्या झाल्या आणि गाड्यांच्या ट्रॉल्या. बानं कधी कुणाकडून काही घेतलं नाही. नदीकडची बाजू खणून खणून आज तिथं उभा कडा झाला आहे, अर्धं टेकाड गावाच्या छपरांवर गेलं. आणि पुरात ती छपरं विरघळून नदीत गेली.

एरवी गाव बाला ‘उकंड्या’ म्हणायचं. आखाजीनंतरच्या त्या आठवड्यात ‘उकंडाजी’ म्हणायचं. सदाशिवराव पाटील स्वतः यायचे, बाजेवर बसायचे, मायच्या हातचा चहा प्यायचे. बा त्या दिवशी धुतलेलं धोतर नेसायचा. तू बारावीत होतास, त्यांच्या देखत त्याला म्हणालास, “तुमचा मान टोपलीत भरून नेऊन राह्यले लोक, अन् तुमी टोपली उचलू लागता.” दुसऱ्या दिवशी बानं टोपली उचलू लागणं सोडलं, आणि तुझ्याशी बोलणंही.

तुझं खरं होतं, हे मी तेव्हाही म्हटलं होतं. पण खरं बोलून तू निघून गेलास, आणि त्या म्हाताऱ्यासोबत राहिलो आम्ही. त्याला अख्ख्या गावानं आयुष्यभरात एकच गोष्ट मागितली, ती त्यानं दिली. नाही म्हणाला असता तर ते आठ दिवसही गेले असते. तू त्याच्या मातीला आलास, आणि जाताना टेकाडावरची खापरं पिशवीत भरून घेऊन गेलास. मला राग याचाच येतो. मेलेल्या गावांवर तुझा जीव, जित्यांना तू उत्तरही देत नाहीस. तिकडे कच्छातल्या उत्खननात कुणाचं गाव पाण्यावाचून कसं उठलं ते तू ब्रशनं झाडून शोधतोस. इकडे तुझं स्वतःचं गाव पाण्यानं उठलं, त्यासाठी तुला ब्रश नको, पेन पाहिजे.

मायचे गुडघे फार धरतात. टिनाच्या शेडात दुपारी बसवत नाही. मार्चच्या आत सही आली तर पावसाळ्याआधी निदान जोती बांधून होतील, असं अमर म्हणतो. अमर म्हणजे आत्ताचा सरपंच, सदाशिवरावांचा पुतण्या, माझाच विद्यार्थी. पोरगा वाईट नाही.

ताई


महागाव, ३ मार्च २०२५

धम्मदीप,

दीड महिन्यानं तुझं पत्र आलं, आणि त्यात एक ओळ. “नकाशात आपली घरं कुठे आहेत?”

ना मायची चौकशी, ना माझी. मी ते पत्र पलटून पाहिलं, मागे तरी काही असेल म्हणून. इतका संताप आला की स्टाफरूममध्ये मोनाली मॅडम म्हणाल्या, “काय झालं बाई, घरी कोनी गेलं का?” म्हटलं, नाही, घरचा एक बोलला.

नव्या गावाचा नकाशा मी पाहिला नव्हता. पाहायचं काय त्यात, असं वाटलं होतं. टेकाड आपलं, त्यावर गाव बसणार, त्यात आपणही बसणार. तुझ्या त्या एका ओळीसाठी शनिवारची शाळा सुटल्यावर एसटी धरून ग्रामपंचायतीत गेले. अमरनं खुर्ची दिली, चहा मागवला, नकाशा टेबलावर पसरला आणि कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवले. फार चांगला काढला आहे. माथ्यावर मंदिर, त्याभोवती पाटील, देशमुख, मग कुणब्यांची आळी, मग बाकीचे. शाळा, पाण्याची टाकी. आणि आपली घरं नदीकडच्या बाजूला, कड्याच्या खाली. जिथून माती खणून नेली त्या खड्ड्यात.

मी म्हटलं, “अमर, हे काय आहे?”

“काय मॅडम?”

“बौद्धवाडा खाली काहून?”

त्यानं खरंच विचार केला. लपवाछपवी करणारा चेहरा मी ओळखते, पोरांच्या कॉप्या पकडण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. तसा चेहरा नव्हता. म्हणाला, “जुन्या गावात जसं होतं तसंच ठेवलं, मॅडम. कोनाले नवीन वाटू नये म्हनून. आमी कुठं काही बदललं?”

म्हटलं, जुन्या गावात पाणी पहिलं कुणाच्या घरात शिरलं? त्यानं एक पेपरवेट सरळ केला. मग हळूच म्हणाला, “तुमीच शिकवलं ना आमाले. नदी अन् उतार पाहून वस्ती बसते, मानसाच्या हातात नसते म्हनून. सातवीत. मले अजून आठवते.”

चहा तसाच राहिला. मी शिकवलं होतं, याच शब्दांत. नदी शिकवली, उतार शिकवला, माती शिकवली. उताराच्या कोणत्या टोकाला कुणाला बसवायचं ते नदी ठरवत नाही, हे पुस्तकात नव्हतं आणि परीक्षेला येत नाही. तूच एकदा सांगितलं होतंस की तुझ्या त्या जुन्या शहरांतही वरची वस्ती आणि खालची वस्ती असते. मी तेव्हा म्हटलं होतं, असेल बाबा, पाण्याचा उतार.

आपलं टेकाड, आपली सही, आणि आपणच खड्ड्यात. तुला तिकडे बसून हे कसं कळलं, याचाही मला राग आला आहे.

कागदावर सही करू नकोस. मीही माझी मागे घेते म्हणून अमरला सांगितलं आहे. बाकी ग्रामसभेत.

ताई


महागाव, १५ एप्रिल २०२५

धम्मदीप,

काल जयंती झाली. मिरवणुकीत सगळं गाव होतं. अमरनं हार घातला, सदाशिवराव दोन शब्द बोलले, बुंदी सगळ्यांनी आमच्यासोबत बसून खाल्ली. तीन दिवसांआधी याच लोकांसमोर ग्रामसभेत मी घसा कोरडा केला होता.

मी फार काही मागितलं नाही. म्हटलं, टेकाड घ्या, सगळं घ्या. प्लॉटला नंबर टाका, डब्यात चिठ्ठ्या टाका, लहान पोराला काढायला लावा. ज्याचा जो नंबर निघेल तिथं त्यानं राहायचं. आणि कड्याखाली घर कुणाचंच नको, तिथं झाडं लावा.

कुणी चिडलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. सगळे गोडच बोलले. सदाशिवराव म्हणाले, “बाई, चिठ्ठीनं काय गाव बसते? भावकी भावकीजवळ पाह्यजे. उद्या मयत झाली त खांदा द्याले कोन धावन?” देशमुखांचे पुंडलिकराव म्हणाले, विचार करू. ग्रामसेवक म्हणाले, चिठ्ठी टाकता येते, पण गावाची संमती लागते. अमर खाली बघत पेनाचं टोपण उघडत होता आणि लावत होता.

खरा मार बसला तो आपल्याच लोकांकडून. भागीरथा, आपल्या शेजारची, उभी राहिली आणि म्हणाली, “कौसल्याबाई, तुमी महागावले राह्यता. आमाले इथं राह्यनं हाय. वर त्याइच्या मधात एकटं घर निघालं माह्यं, त माह्याशी बोलन कोन? पोरगी दिवसभर दारात कोनाकडं पाह्यन?” आपल्या वाड्यातल्या अर्ध्या बायांनी माना डोलावल्या. मी तिला म्हटलं, भागीरथा, तुझं घर पुरात पहिलं गेलं. ती म्हणाली, “गेलं ना. पन शेजार नाही गेला.”

याचं उत्तर तुझ्या पुस्तकांत असेल तर पाठव. तिचं खोटं नाही आणि माझंही खोटं नाही, आणि पावसाळा दोन महिन्यांवर आहे. एकही हात वर न होता सभा संपली. माय मागे बसली होती, घरी जाताना सगळ्यांची माफी मागत गेली.

ताई


महागाव, २१ मे २०२५

धम्मदीप,

तुझं दुसरं पत्र मिळालं. “तू बरोबर करते आहेस.” आभारी आहे. तुझं ‘बरोबर’ मी मायला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “त्याले म्हन, त्या बरोबरवर टिन टाकून दे.”

बरोबर असणं इथं काय असतं ते ऐक. नळावर माय गेली की बाया बोलणं थांबवतात. कुणी शिवी देत नाही, फक्त एकीला एकदम आठवतं की टिनात किती तापते, दुसरी म्हणते की औंदा तरी घर झालं असतं, पण नशिबात नाही. माय रिकामी घागर घेऊन परत येते. मग दुपारी भागीरथाची उर्वशी तिच्या वाटचं पाणी आणून ठेवते. परवा शेडात एका बाळंतिणीच्या पोराला झटके आले, पंख्याची लाइट गेली होती. पोर वाचलं. पण ते वाचलं नसतं तर माझ्या नावावर गेलं असतं, आणि मीही ते नाकारलं नसतं.

माय माझ्याशी आता कामापुरतं बोलते. रविवारी मी भाकरी खात असताना म्हणाली, “देऊन टाक बाई. तुह्या बानं कोनाले नाही म्हनलं नाही.” मी म्हटलं, म्हणूनच टेकाड अर्धं झालं, माय. तर म्हणाली, “अर्धं हाय ना अजून.”

सांग मला, या बाईशी मी कसं भांडू? मी वैतागले आहे, दीपू. गावावर, मायवर, भागीरथावर, त्या नकाशावर, माझ्याच सातवीच्या धड्यावर. आणि तुझ्यावर सगळ्यांत जास्त, कारण या सगळ्यांत तू एकटाच माझ्या बाजूचा आहेस आणि तू एकटाच इथं नाहीस. रोज सकाळी वाटतं सही करून मोकळं व्हावं. मग डोळ्यांसमोर तो खड्डा येतो आणि त्यात मायचं घर.

अमर काल शाळेत आला होता. म्हणाला, “मॅडम, मी चिठ्ठीले तयार हाय, पन काका ऐकत नाही. धम्मदीपदादा आले त बरं होईन. तुमाले एकटं पाहून लोक समजते बाईचा हट्ट हाय.” एवढं सांगायला तो ऊन खात आला, हे मी विसरणार नाही.

तू ये. सहीचं राहू दे, नुसता ये.

ताई


खैरगव्हाण, २६ जून २०२५

धम्मदीप,

हे टेकाडावर बसून लिहिते आहे. शाई पसरली असेल तर पावसाचं पाणी आहे, रडणं समजू नकोस.

वरच्या बाजूला दोन दिवस पाऊस होता. आज सकाळी पूस नदी शेडांच्या दारात आली. गुडघ्याएवढंच पाणी होतं, पण मागचा पूर लोकांनी पाहिलेला. कुणी भोंगा वाजवला नाही, कुणी कुणाला सांगितलं नाही. गाव आपसूक टेकाडाकडे चालायला लागलं. डोक्यावर गाठोडी, काखेत पोरं, शेळ्या, एकाच्या खांद्यावर टीव्ही. मला अमरचा फोन आला, मी मिळेल त्या गाडीनं पोचले तोवर सगळे वर आले होते. जीव कुणाचा गेला नाही.

खालून चढताना मला एक वेडी आशा वाटली होती. म्हटलं, आता तरी मोडलं असेल. घाईत, पावसात, जिथं जागा मिळेल तिथं बसले असतील, आणि मी त्यांना म्हणेन, बघा, चिठ्ठीविना बसलात की नाही.

वर आले आणि पाहिलं. माथ्यावर सदाशिवरावांची माणसं ताडपत्री बांधत होती. त्यांच्याभोवती देशमुख, मग कुणबी, मग बाकीचे. नदीकडच्या बाजूला, कड्याच्या काठावर, आपले लोक. एकही जण इकडचा तिकडे नाही. अमरचा तो नकाशा जसाच्या तसा, फक्त घरांच्या जागी माणसं. कुणी बसवलं नव्हतं. मी विचारलं, आपल्या वाड्यातल्या पिंटूला विचारलं, भागीरथाला विचारलं. “कोनी नाही म्हनलं, आमीच बसलो,” एवढंच सगळे म्हणाले.

आणि सगळ्यांत काठाला माय होती. तिच्या पुढे बानं दिलेल्या मातीची जागा, सरळ खाली. कड्यात थर दिसतात बघ, तुला आवडणारे. राख, खापर, पडलेली भिंत, त्यावर पुन्हा राख. ती त्यांच्यावर पाय सोडून बसली होती, डोक्यावर खताचं पोतं घेऊन.

म्हटलं, “माय, वर चल. वावर आपलं हाय.”

“इथंच बरं हाय. हवा लागते.”

“पाऊस पडून राह्यला, हवा कायची?”

ती म्हणाली, “वर त्याइची मानसं बसली हायत. मधात जाऊन कायले बसू?”

तेवढ्यात तिच्या पायाखालचा एक तुकडा सुटला. मोठा नव्हता, घमेलाभर माती असेल, पण खाली पाण्यात पडल्याचा आवाज आला. बाया किंचाळल्या. माय नुसती हातभर मागे सरकली आणि पोतं नीट केलं. मी तिचे दोन्ही हात धरून ओढलं, तिनं अंग सोडून दिलं, उचलेना. तू तिला ओळखतोस. ती मला म्हणाली, “लोक पाहून राह्यले, कौसल्या.”

लोक पाहत होते. सदाशिवरावही पाहत होते, ताडपत्रीचं टोक हातात धरून. माझी नजर पडली तशी त्यांनी त्यांच्या सुनेला काहीतरी सांगितलं, आणि त्या लोकांनी थोडं सरकून मध्ये एका माणसाची जागा केली. खरंच केली, मी खोटं सांगणार नाही. जागा अजून तशीच रिकामी आहे. पाऊस तिच्यावर पडतो आहे.

नकाशा, चिठ्ठी, ग्रामसभा, सगळं मागून पाहू. सहीच्या कागदाची माझ्याजवळची प्रत पिशवीत भिजून लगदा झाली. मी मायजवळ काठावर बसले आहे, एका हातानं तिचा पदर माझ्या मनगटाला बांधून ठेवला आहे आणि दुसऱ्यानं हे लिहिते आहे. अमर खाली जाईल तेव्हा टपालात टाकेल.

बाच्या मातीला तू खांदा दिलास. मायला जिवंतपणी उचलायची आहे, काठावरून माथ्यापर्यंत, फार अंतर नाही. मी एकटीनं करून पाहिलं, होत नाही. दोन माणसं लागतात. ये.

ताई